लेफ्ट-आऊटचे बूट

दर वर्षी तो दिवस जवळ आला की माझं डोकं फिरायला लागतं. आठ दिवस आधीपासून मी घरात कुणाशी धड बोलत नाही. सून मुलाला हळूच सांगते, "बाबांच्या फुटबॉलवाल्यांचा दिवस आला वाटतं." मुलगा पेपरातून डोकं वर काढत नाही. त्याला काय, तो क्रिकेटवाला.

तो दिवस म्हणजे आमच्या लेफ्ट-आऊटचा. मैदानाच्या डाव्या कडेनं खेळायचा म्हणून लेफ्ट-आऊट. आम्ही त्याला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही, आणि आता ते नाव लिहून त्याला चारचौघांत आणायची माझी इच्छाही नाही. हैदराबादेत, गौलीगुड्यात आमच्या समोरच्या घरात राहायचा. बाविसाव्या वर्षी गेला. गेला त्या तारखेला त्याचे चाहते गौलीगुड्याच्या नाक्यावर जमतात, चपला काढून पिशवीत टाकतात आणि अनवाणी निघतात. अफझलगंजच्या लायब्ररीसमोरून, मुसीच्या कडेकडेनं, मैदानापर्यंत. तिथं एक हार, दोन मिनिटं गप्प, मग इराण्याकडे चहा. चहावर त्याच्या त्याच त्या गोलाची गोष्ट. आधी शंभर-सव्वाशे माणसं असायची, आता आम्ही नऊजण उरलोय, त्यातले दोघं रिक्षानं येतात. रिक्षातसुद्धा अनवाणी बसतात, बोला!

आणि दर वर्षी मी त्यांच्यावर खेकसतो. "अरे चपला घाला रे! काचा आहेत, खिळे आहेत, म्हशी फिरतायत." ते हसतात. "इनका हर साल का है," म्हणतात. एका वर्षी आमच्यातल्या पानवाल्याच्या टाचेत काटा मोडला. मी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं, रांगेत उभं केलं आणि इंजेक्शन टोचून होईपर्यंत दारातून हललो नाही. तो सगळ्यांना सांगत फिरला, "क्या हौला आदमी है यारो, एक काटे के वास्ते पूरी चाय छुड़ा दी." हौला म्हणजे खुळा. सगळे पोट धरून हसले. मी नाही हसलो. मला त्यांचा राग येत होता आणि तो राग त्यांच्यावरचा नव्हता, एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती.

खरं ते आता सांगून टाकतो. लेफ्ट-आऊटची एक थोरली बहीण होती. आईवडील लवकर गेले, तिचा नवराही, तिनंच त्याला वाढवला. मुलींच्या शाळेत शिकवायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. या अक्काला मी एक गोष्ट सांगायची होती. सांगेन असं मी त्याला कबूल केलं होतं. ती मी सांगितली नाही, वर दुसरंच काहीतरी सांगितलं. बेचाळीस वर्षं ते तसंच ठेवलं. या माणसांची अनवाणी मिरवणूक थांबवायची असेल तर ती गोष्ट आधी अक्काला सांगावी लागणार होती, म्हणून मी चपलांवरून भांडत बसलो.

त्याचा खेळ कसा होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोल करणारे पुष्कळ असतात. हा बॉल घ्यायचा. लांबून, उंचावरून, कसाही वेडावाकडा येऊ दे, याच्या पायाशी आला की शांत व्हायचा. चामड्याचा, वादीनं शिवलेला जड बॉल, पावसात भिजला की डोक्यावर घेणाऱ्याला चक्कर यायची. हा उघड्या पायाचा पंजा किंचित मागे घ्यायचा आणि बॉल तिथंच थांबायचा. उडणं नाही, घरंगळणं नाही. आम्ही मैदानाच्या भिंतीवर बसलेले लोक त्या एका क्षणासाठी जायचो. पुढं गोल झाला तर झाला, नाही तर नाही.

उस्ताद म्हणून एक म्हातारे मियाँ आमच्या पोरांना शिकवायचे. दाढी पांढरी, आवाज फाटका. ते म्हणायचे, "पाँव को भी आँखां होते मियाँ. जूता पहने कि पट्टी बँधी." तेव्हा आमचे सगळेच अनवाणी खेळायचे. कुणी पायाला कापडी पट्टी गुंडाळायचा, तेवढंच. लहान-लहान पास, बॉल जमिनीवर, आणि शेवटी एक लांब फेक डावीकडं, त्याच्यासाठी. हीच आमची रीत आणि हाच आमचा माज.

मग ते वर्ष आलं. बाकीच्या मुलखात पंधरा ऑगस्टला झेंडे लागले आणि आमच्याकडं, निजामाच्या राज्यात, लोक दाराच्या फटीतून रस्ता बघत बसले. आम्ही स्वतंत्र की परतंत्र, की तिसरंच काही, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. माझे वडील सरकारी नोकर, पिढ्यान्‌पिढ्या तेच, ते म्हणाले, "मी कुठं जात नाही." पण आमच्या गल्लीतली अर्धी घरं कुलूप लावून गेली. रोज एक टांगा भरायचा. अक्काही एका सकाळी भावाला घेऊन सोलापूरला मामाकडं निघाली. तो टांग्यात मागं बसला होता, मांडीवर वळकटी, तोंड एवढंसं. "मॅच कब है?" म्हणून त्यानं मला विचारलं. कसली मॅच! मैदानात कुत्रं फिरत नव्हतं.

पुढच्या सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्या. पोलीस ॲक्शन म्हणतात ते. चार दिवसांत सगळं आटोपलं. आमच्या गल्लीनं ट्रकांवर फुलं टाकली, माझ्या आईनं एका शीख जवानाला ओवाळलं, तो बिचारा लाजून लाल झाला. पण मग लगेच सगळं बदलायला लागलं, आणि इतक्या भराभरा बदललं की छाती दडपून गेली. मी अदालतीत अहलकार होतो, म्हणजे साधा कारकून. उर्दूत फर्डा. एका महिन्यात माझ्या हाताखालचे कागद इंग्रजी झाले आणि मी पहिलीत बसल्यासारखा बसलो. वर एक नवे साहेब बाहेरून आले. माणूस वाईट नव्हता, पण "तुमच्या निजामी पद्धती" असं म्हणताना त्यांचं नाक वर जायचं. ज्या राज्याला आम्ही घरात बसून शिव्या घातल्या होत्या, त्याची बाजू घेऊन मी मनातल्या मनात या साहेबांशी भांडायचो. विचित्रच होतं सगळं. उस्तादांच्या मोहल्ल्यातले कितीतरी लोक घराबाहेर पडत नव्हते, आणि जे पडत होते ते खाली मान घालून.

अशात लेफ्ट-आऊट परत आला. आणि येताना बूट घेऊन आला.

फुटबॉलचे खरे बूट. तळाला चामड्याच्या गोट्या, घोट्यापर्यंत उंच, लांबलचक नाड्या. सोलापुरात बूटवाल्यांच्या संघात खेळायला लागला होता म्हणे. भिंतीवर बातमी पोचायला पाच मिनिटं लागली नाहीत. "बाहर की हवा लग गई." "अब ये पाँव ज़मीन पे नहीं रखेगा." पानवाला तर एखाद्याची सोयरीक मोडावी तसा चिडला होता. चुकूनही कुणी विचारलं नाही की बाबा रे, का घालतोस?

मला कारण ठाऊक होतं. अक्कानं परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं होतं. ती चुलीपुढं बसून शेंगा भाजत होती. म्हणाली, "तुला एक सांगते, कुणाला बोलू नकोस, तो लाजतो. सोलापुरात त्याच्या पायात पत्रा घुसला होता. धनुर्वाताची भीती म्हणून डॉक्टरांनी लस टोचली. ती घोड्याच्या रक्तापासून करतात म्हणे. ती त्याला अशी चढली की अंगभर सूज, श्वास अडकला, मला वाटलं संपलं. वाचला. पण डॉक्टर म्हणाले, पुन्हा ही लस द्यायची म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा पायाला जखम होऊ देऊ नका." मग तिनं भाजलेल्या शेंगा माझ्या पुढ्यात सरकवल्या. "मी काही मैदानात येणार नाही. तू असतोस. त्याच्या पायात बूट राहतील एवढं बघ. बाकी गोल-बिल मला काही कळत नाही."

"बघतो अक्का," मी म्हणालो. शेंगा खात म्हणालो.

त्या थंडीत मॅच ठरली. आमची पोरं विरुद्ध बाहेरून आलेली एक फौजी टीम. मैत्रीची मॅच, दोन्हीकडची मनं जुळावीत म्हणून. पण लोक कसले ऐकतात! ज्यांनी ट्रकांवर फुलं टाकली होती तेही आणि जे महिना महिना दारं लावून बसले होते तेही, सगळे एका भिंतीवर दाटीनं बसले. गावात एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हे लोक खांद्याला खांदा लावून बसत होते, आणि सगळ्यांना एकच हवं होतं. आपली पोरं जिंकली पाहिजेत. झेंडा बदलला, कागद बदलले, शाळेतली भाषा बदलायला घातली, ठीक आहे, बदला. हे तरी आमचं राहू द्या.

मी आमच्या साहेबांना आग्रह करून बोलावलं होतं. आदल्या दिवशी ते म्हणाले होते, "उघड्या पायांनी? पंचवीस मिनिटांत पळून जातील." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "साहेब, आमच्या लेफ्ट-आऊटला एकदा बॉल घेताना बघा." आता ते खुर्चीवर बसले होते, पायावर पाय टाकून, आणि मी त्यांच्या मागे उभा.

पहिल्या अर्ध्यात त्यानं बॉल घेतलाच नाही. म्हणजे यायचा बॉल, पण बुटावर आपटून हातभर पुढं जायचा आणि समोरचा उचलून न्यायचा. एकदा, दोनदा, तीनदा. बाहेर सोलापूरच्या मैदानावर त्याला बूट जमले होते, पण ते संघ मोठमोठे फटके मारणारे. आमचे छोटे पास, नाजूक, त्याला त्या बुटांत कळेनातच. भिंत आधी गप्प बसली. मग एकानं ओरडायला सुरुवात केली, "जूते निकालो!" आणि बघता बघता शेकडो लोक तालावर, "जूते! निका-लो! जूते! निका-लो!" साहेब मागं वळून मला म्हणाले, "हाच का तुमचा?"

हाच का तुमचा! आजही तो स्वर आठवला की माझं रक्त उकळतं. एवढ्याशा वाक्यासाठी, बघा.

मध्यंतर झालं. मी धावत त्याच्याकडं गेलो. तो कडेला बसून पाणी पीत होता. उस्ताद त्याच्याशी बोलत नव्हते, दुसरीकडं तोंड करून उभे होते, ते तर शिव्यांपेक्षा वाईट. भिंतीवर ओरडा चालूच होता. तो माझ्याकडं बघून कसनुसं हसला. मी काहीतरी बोलून त्याला धीर देईन असं त्याला वाटलं असणार. एकटा मीच होतो तिथं ज्याला सगळं माहीत होतं.

आणि मी खाली बसलो आणि त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागलो.

त्यानं पाय मागं घेतला. "नको रे. अक्काला काय सांगू?"

"मी सांगतो अक्काला," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. काय होतंय?"

"नको."

"अरे, सगळे बघतायत."

त्यानं एकदा भिंतीकडं बघितलं. मग त्यानं पाय पुढं केला. दोन्ही बूट मीच काढले. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, मी दातानं सोडवली. तो अनवाणी मैदानात गेला तेव्हा जो आवाज उठला तसा मी पुन्हा ऐकला नाही. उस्ताद रडत होते. मी बूट काखेत मारून साहेबांच्या मागं जाऊन उभा राहिलो, छाती फुगवून.

तो गोल काय सांगायचा, तो सगळ्या हैदराबादनं सांगून झालाय. उजवीकडून लांब, उंच बॉल आला, वाऱ्यात वळत. दोघे फौजी अंगावर. तो उडाला नाही, धावला नाही. पाय वर केला, पंजा मागं घेतला, आणि बॉल तिथं थांबला. दोघे पुढं निघून गेले, त्यांना थांबता येईना. मग यानं हलकेच गोलात ढकलला. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "अरे वा," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू.

फौजा आल्या तेव्हा मैदानाच्या त्या कोपऱ्यात पेट्या उतरवल्या होत्या, लाकडी. कुणाचा दोष नव्हता, खिळे मातीत राहतात. मॅच संपताना तो एकदा लंगडला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा त्याची टाच माझ्या तोंडासमोर आली आणि मी बघितलं. फार रक्त नव्हतं. बारीकसं भोक. मी नळाखाली धुतलं, हळद लावली. तो म्हणाला, "अक्काला सांगू नको हं आज. उद्या बघू." मला बरंच वाटलं.

मग एक आठवडा गेला. मी रोज त्याचा पाय बघायचो, जखम तर बुजली होती. आठव्या का नवव्या दिवशी इराण्याकडं बसलो असताना तो म्हणाला, "जबडा दुखतोय. पाव चावता येईना." मी चहाचा कप खाली ठेवला. त्याला समजलं नव्हतं. मला समजलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. लस द्यायची तर पहिल्यासारखं होणार, न द्यावी तर हे. थेंब थेंब देऊन पाहिली, तीही चढली. तिसऱ्या दिवशी दुपारी गेला. पाठीची कमान झाली होती. जास्त लिहीत नाही.

व्हरांड्यात अक्का बाकावर बसली होती. मी समोर उभा. ती रडत नव्हती. तिनं एकच विचारलं, "बूट कुठं होते?"

माझ्या तोंडातून आलं, "त्यानंच काढले, अक्का. मी नको म्हणत होतो."

तिनं मान हलवली. "हट्टी," म्हणाली. एवढंच. मी तिथंच पाय धरायला हवे होते. नाही धरले.

पहिल्या वर्षी ती अनवाणी मिरवणूक कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. मला वाटतं पानवाल्याच्या. "वो नंगे पाँव खेला, नंगे पाँव गया, हम भी नंगे पाँव चलेंगे." सगळ्यांना पटलं. त्यांना काय माहीत! त्यांच्या लेखी तो मोठ्या दिलाचा माणूस होता, लोकांच्या हाकेसरशी बूट भिरकावून देणारा. ते त्याच्यावर जीव टाकत होते आणि ज्या गोष्टीनं त्याला नेला तिचीच पूजा करत होते. मिरवणूक अक्काच्या घरावरून जायची. तिची खिडकी त्या दिवशी बंद असायची. लोक म्हणायचे, बिचारीला बघवत नाही. मीही तेच म्हणायचो. दुसरं काय म्हणणार होतो?

पुढं गल्ली विखुरली. उस्ताद गेले. आम्ही शहराच्या या टोकाला आलो, अक्का निवृत्त होऊन दिलसुखनगरला पुतणीकडं राहायला गेली. माझ्या घरापासून बसनं वीस मिनिटं. मी वर्षातून एखादे वेळी जायचो. दिवाळीचा फराळ न्यायचा, प्रकृती विचारायची, निघायचं. तिच्या भिंतीवर आईवडिलांचा फोटो होता, नवऱ्याचा होता, भावाचा नव्हता. मला वाटायचं, पेटीत जपून ठेवला असेल.

या वर्षी आमच्या नऊ शहाण्यांनी ठरवलं की मैदानाच्या कडेला त्याचा एक दगड बसवायचा. दगडावर कोरायचं काय, तर दोन उघडी पावलं. मी म्हणालो, "पावलं नकोत." "कायकू?" "नकोत म्हणून नकोत." पानवाला आता कंबरेतून वाकलाय, पण तोंड तसंच. "आपको हर चीज़ में नक्को च नक्को. जाओ, अक्का से पूछ के आओ. वो हौ बोले तो बस." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीच घरोब्याचा म्हणून मलाच धाडलं. मी चरफडत बसमध्ये बसलो. दिलसुखनगरच्या चौकात कोचिंग क्लासच्या पोरांची ही गर्दी, कंडक्टर ढकलतोय, ऊन डोक्यावर.

अक्का एकटीच होती. पुतणी कामावर गेली होती. तिनं मला पाणी दिलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी दगडाचं सांगितलं. पावलांचं सांगितलं.

तिचा चेहरा एकदम आवळला. "उघड्या पायांचा दगड?" ती म्हणाली. "माझं न ऐकता गेला, त्याचा दगड? खुशाल बसवा. मला विचारू नका."

"अक्का..."

"नाही, आता बोलू दे मला. मी त्याला पायाशी बसून सांगितलं होतं. सोलापुरात, त्या खाटेवर. शपथ घातली होती. आणि चार टवाळांनी ओरडल्याबरोबर यानं बूट काढून फेकले. माझा विचार एकदाही आला नाही त्याच्या मनात. लोकांच्या टाळ्या पाहिजे होत्या. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. हसू नकोस. लोक मेलेल्या माणसाशी बोलतात मनात, आईशी बोलते मी, यांच्याशी बोलते. त्याच्याशी नाही. फोटो फाडून टाकला मी त्याचा. एकच होता."

मी खुर्चीत बसून राहिलो. मला वाटत होतं मी एक खोटं बोललो, ते माझ्यापाशी आहे, त्याचा त्रास होतो तो मला होतो. ते इथं, या खोलीत, हे करत बसलं होतं याची मला कल्पना नव्हती.

"अक्का," मी म्हणालो, "बूट त्यानं काढले नाहीत. मी काढले."

"तू?" ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. साहेबांचं, नाडीचं, दातानं सोडवलेल्या गाठीचं. मध्ये कुठंही थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सांगता आलं नसतं. माझी बाजू घेतली नाही. बाजू नव्हतीच.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होता, वाजवतच होता.

"म्हणजे तो नको म्हणाला?" तिनं विचारलं.

"हो."

"काय म्हणाला? शब्द सांग."

"नको रे, म्हणाला. अक्काला काय सांगू, म्हणाला."

"पाय मागं घेतला?"

"घेतला."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फुटला, पण तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती ते शब्द ऐकत होती, माझं तोंड तिला नको होतं. मी उठून तिच्या पायाशी वाकलो. तिनं पाय बाजूला घेतले.

"आता जा," ती म्हणाली. "आणि परत येऊ नकोस."

मी चपला घातल्या. तिनं दार लावून घेतलं, कडी घातली. मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर कठडा धरून उभा राहिलो. आतून तिचा आवाज यायला लागला. आधी हळू, मग जरा मोठ्यानं, रागं भरल्यासारखा, मध्येच रडत, मध्येच काहीतरी विचारत. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती त्याच्याशी बोलत होती.